घार केव्हापासून आहे?

इतिहास शिकवणाऱ्या मास्तराला पुस्तकातल्या प्रश्नांची भीती नसते. त्यांची उत्तरे धड्यातच कोठेतरी दडलेली असतात. भीती असते ती मुलांना स्वतःला पडणाऱ्या प्रश्नांची. २०२४ सालची दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच भरली होती. सातवीच्या वर्गात मी चांद्याच्या गोंड राजांची हकिकत सांगत होतो. आमच्या गावच्या तलावाचे मूळही त्याच राजवटीत आहे, असे सांगून मी खिडकीतून तलावाकडे बोट दाखवले. नेमक्या त्याच वेळी पाळीवरच्या अर्जुनाच्या झाडावरून तो कर्कश, भुंकल्यासारखा आवाज आला. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, राजानं तलाव बांधला, तं ही घार केवापासून हाये जी?"

वर्ग हसला. मीही हसलो, पण उत्तर काही देता आले नाही. राजांच्या सनावळ्या मला पाठ आहेत. खांडक्या बल्लाळशहाने चांदा शहर वसवल्याची कथा मी डोळे मिटून सांगू शकतो. पण शाळेत येता-जाता वीस वर्षे जी मी डोक्यावर पाहत होतो, त्या घारीविषयी मला एक अक्षर सांगता येत नव्हते. ती घार तरी होती की नाही, हेदेखील मला ठाऊक नव्हते.

त्या प्रश्नाने मला सात महिने तलावाच्या पाळीवर बसवले. त्या सात महिन्यांची ही हकिकत आहे. तिच्यात थोडा इतिहास आहे, थोडे पक्ष्यांचे घरगुती आहे, आणि माझ्या हातून घडलेली एक चूकही आहे. दहावीपलीकडचे माझे शिक्षण बव्हंशी ग्रंथालयातच झाले असल्यामुळे शास्त्रज्ञाच्या थाटात काही सांगण्याचा माझा अधिकार नाही. पाहिले ते सांगतो, आणि वाचले ते पडताळून सांगतो.

पहिली गोष्ट अशी की ती घार नव्हे. मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' आणि आणखी दोनचार चित्रांची पुस्तके उघडून बसलो, तेव्हा ओळख पटली. डोके राखी, छाती तपकिरी, पोट आणि मांड्या पांढऱ्या, आणि पांढऱ्या शेपटीच्या टोकाला रुंद काळा पट्टा. हा राखी डोक्याचा मत्स्यगरुड. लांबी दोन ते अडीच फूट, पंख पसरले तर पाच फुटांहून अधिक. पायांवर पिसे नाहीत, नख्या लांब आणि चांगल्या वळलेल्या, आणि तळव्यांना खरखरीत काटे; बुळबुळीत मासा धरायला दुसरे काय हवे! ताडोबाच्या तळ्यावर हा पक्षी पाहायला लोक कॅमेरे घेऊन लांबून येतात. आमच्या गावात मात्र तो विनामूल्य होता, म्हणूनच कदाचित कोणी त्याच्याकडे पाहिले नव्हते.

दुसरी गोष्ट मला अधिक नवलाची वाटली. हा पक्षी समुद्रगरुडाच्या कुळातला आहे. कोकणच्या किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड राहतो. तिकडे त्याला काकण म्हणतात. अलीकडच्या वर्गीकरणात तर शास्त्रज्ञांनी या काकणाला आणि आमच्या मत्स्यगरुडाला एकाच प्रजातीत, म्हणजे एका आडनावाखाली, बसवले आहे. चांद्याहून दोन्ही समुद्र शेकडो मैल दूर. आमच्या गावातल्या निम्म्या लोकांनी समुद्र पाहिलेला नाही. मी स्वतः तो तिशीनंतर पाहिला. आणि समुद्रवाल्यांचा हा चुलत घराण्यातला पाहुणा आमच्या धानाच्या बांध्यांवरून रोज फिरत होता.

या पाहुण्याला शास्त्रीय नाव मिळाले ते १८२१ साली. थॉमस हॉर्सफील्ड नावाचा एक अमेरिकन डॉक्टर जावा बेटात अनेक वर्षे राहिला होता. त्याने तिथल्या नमुन्यावरून या पक्ष्याचे वर्णन केले. त्याआधी तीनच वर्षे, १८१८ साली, इंग्रजांच्या तोफांनी चांद्याच्या परकोटाला खिंडार पाडले होते. म्हणजे चांद्याचा किल्ला पडला आणि चांद्याच्या गरुडाला नाव मिळाले, या दोन गोष्टी मी मुलांना एकाच फळ्यावर लिहून दाखवू शकलो. पण पक्ष्याला नाव मिळणे म्हणजे त्याचा जन्म होणे नव्हे, हे त्या मागच्या बाकावरच्या मुलालाही कळत होते.

तेव्हा आधी तलावाचाच इतिहास पाहणे भाग होते.

१८६९ साली मेजर ल्यूसी स्मिथ या अधिकाऱ्याने चांदा जिल्ह्याच्या जमीनमहसुलाचा अहवाल लिहिला. त्यात गोंड राजांच्या परंपराही त्याने टिपून ठेवल्या. त्या परंपरेत हिरशहाचे नाव येते. जो जंगल तोडून गाव वसवील त्याला ते गाव, आणि जो तलाव बांधील त्याला त्या तलावाच्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन, असा त्याचा दंडक सांगतात. राजाने स्वतः कुदळ हाती घेतली नाही. त्याने लोकांच्या मनात लोभ आणि उमेद एकदमच पेरली. कोहळी लोकांनी तर या कामात हातखंडा मिळवला. भंडाऱ्याकडचा नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी याने घातला, असे लोक सांगतात. पुढे १७५१ साली चांदा नागपूरकर भोसल्यांकडे गेला. त्यानंतर इंग्रज आले, मालगुजारांना गावांची मालकी मिळाली आणि तलाव त्यांचे झाले. १९५१ साली मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, आणि त्यांना कागदोपत्री 'माजी मालगुजारी तलाव' असे लांबलचक नाव मिळाले. लोकांनी त्याचे 'मामा तलाव' करून टाकले. असे हजारो मामा आज पूर्व विदर्भात आहेत. कित्येकांच्या पोटात गाळ भरला आहे, कित्येकांच्या पाळी झिरपतात. पण भाचरांना धान पिकवून देण्याचे काम ते अजून करतात.

या इतिहासात गरुड कोठे बसतो? मत्स्यगरुडाला तीन गोष्टी लागतात: मासे असलेले संथ पाणी, काठावर एक तरी उंच जुने झाड, आणि स्वस्थता. तो फार उंचावरून सूर मारणारा पक्षी नव्हे. पाण्यावर झुकलेल्या फांदीवर तासन् तास बसतो, आणि मासा वर आला की थोडे अंतर तरंगत जाऊन पृष्ठभागावरूनच उचलतो. आमच्या धानपट्ट्यात असे संथ पाणी गावोगाव आणून ठेवले ते माणसांनी. पाळीवरची झाडे सावलीसाठी राखली ती माणसांनी. म्हणजे गरुडाची जात राजाहून फार फार जुनी. पण या तलावावरचे त्याचे घर राजाच्या दंडकानंतरचेच. मी वर्गात एवढे उत्तर दिले. मुलगा गप्प बसला, पण त्याचे समाधान झाले नव्हते. "त्या झाडावर केवापासून?" असे त्याला विचारायचे होते, आणि ते मला दिसत होते.

मग आम्ही सहा मुले आणि मी, तलावाच्या पलीकडच्या सलंगीजवळ बसू लागलो. सलंग म्हणजे जास्तीचे पाणी जाण्याची वाट. तिथून अर्जुनाचे झाड दोनशे पावलांवर होते. माझ्याकडे एक जुनी दुर्बीण होती. मुलांकडे एक शंभर पानी वही. आणि आमच्यासोबत बहुतेक वेळा असत आबाजी. आबाजी ढिवर मोहल्ल्यातले सर्वांत वडीलधारे. ते साऱ्या गावाचे आबाजी, आणि गावातल्या पाण्याचे तर पंचांगच.

कार्तिकात जोडी ओरडत असे. पहाटे आणि तिन्हीसांजेला, एकाने सुरू करायचे आणि दुसऱ्याने ओढायचे. "आता घर मांडतेत," आबाजी म्हणाले. मार्गशीर्षात काटक्या येऊ लागल्या. झाडाच्या वरच्या खांदीवर जुना माचा होता, बैलगाडीच्या चाकाएवढा रुंद. त्यावरच नवी भर पडत होती. काटक्यांवर शेवटी हिरवी पाने अंथरली गेली. मुलांनी वहीत लिहिले, "आज गादी घातली." मी ते खोडले नाही.

पौषात, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून, माच्यावर सतत एक पक्षी बसलेला दिसू लागला. अंडी घातली होती. या पक्ष्याची बहुधा दोन पांढरी अंडी असतात, नर-मादी आळीपाळीने ऊब देतात, आणि पिल्लू बाहेर यायला पंचेचाळीस ते पन्नास दिवस लागतात. हे सारे मी पुस्तकात वाचले होते. वाचलेले दाखवण्याचा मोह मास्तरांना होतो, आणि तो मला झाला.

२६ जानेवारीला झेंडावंदन झाले. मुले स्वच्छ कपड्यांत, हातात खाऊची पुडी, उत्साहात होती. आज सगळ्या शाळेला गरुडाचे घर दाखवू, असे माझ्या मनात आले. चाळीस मुलांना घेऊन मी पाळीवरून थेट झाडाखाली गेलो. मुले शिस्तीत होती. पण चाळीस मुलांची शिस्तसुद्धा पक्ष्याला गोंगाटच. मादी उठली, ओरडत वर गेली, नर आला, दोघेही घिरट्या घालू लागले. मी ओळ लावून मुलांना समजावून सांगत होतो! पाच मिनिटांनी आम्ही निघालो. पण मादी बसली नाही. सलंगीजवळून मी घड्याळ लावून पाहत होतो. पावणेदोन तास माचा उघडा होता. हवेत अजून गारठा होता, आणि वरच्या फांदीवर दोन कावळे येऊन बसले होते. एक कावळा खाली उतरला. तो माच्याच्या कडेआड काय करत होता, ते मला दिसले नाही.

संध्याकाळी आबाजी घरी आले. चहा घेतला नाही. ओसरीवर उभ्यानेच म्हणाले, "गुरुजी, पोट्ट्यायले घेऊन झाडाखाली काहून गेले जी? बाळंतिनीच्या खोलीत असं कोनी जाते का?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्या रात्री मला झोप लागली नाही. एका मुलाच्या प्रश्नाचे उत्तर शोधायला निघालो, आणि ज्याच्याविषयी प्रश्न होता त्याचाच वंश मी आपल्या हाताने मोडला की काय, हा विचार डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी मादी पुन्हा माच्यावर दिसली. पण ती जिवंत अंड्यांवर बसली होती की थंड पडलेल्या, हे कळायला महिनाभर वाट पाहण्यावाचून दुसरा इलाज नव्हता.

वाट पाहण्याच्या त्या दिवसांत मी पुष्कळ वाचले. वाचकांना त्यातल्या तीन हकिकती सांगतो. कारण पक्ष्यांच्या घरट्यांचा इतिहासही माणसांच्या चुकांनी आणि सुधारणांनी भरलेला आहे, हे कळून मला थोडा धीर आला.

पहिली हकिकत ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांची. काँग्रेसचे एक संस्थापक म्हणून यांचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकात असते. पण हिंदुस्थानातल्या पक्ष्यांचा आणि त्यांच्या घरट्यांचा एवढा मोठा संग्राहक दुसरा झाला नाही, हे पाठ्यपुस्तक सांगत नाही. त्यांच्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात १८८० साली व्हिडाल नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची पहिली यादी छापली. ह्यूम साऱ्या देशाच्या पक्ष्यांवर एक महाग्रंथ लिहिणार होते. पंचवीस वर्षांची टिपणे तयार होती. ते सिमल्याच्या घरी नसताना एका नोकराने ती टिपणे रद्दी म्हणून बाजारात विकून टाकली! ह्यूम यांचे मन उडाले. १८८५ साली सुमारे ८०,००० नमुन्यांचा आपला संग्रह त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईला काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. रद्दीवाल्याने पक्षिशास्त्राचे नुकसान केले, राजकारणाचे मात्र केले नाही.

दुसरी हकिकत स्कॉटलंडची. तिथला पांढऱ्या शेपटीचा समुद्रगरुड मेंढपाळांनी, शिकाऱ्यांनी आणि अंडी गोळा करणाऱ्या हौशी लोकांनी संपवत आणला. शेवटचा पक्षी १९१८ साली शेटलंड बेटात गोळीने मारला गेला. पुढे चूक उमगली. १९७५ सालापासून नॉर्वेतून पिल्ले आणून रम नावाच्या बेटावर सोडण्यात आली. दहा वर्षांत ८२ पिल्ले. आणि १९८५ साली, जवळच्या मल बेटावर, त्यांच्यातल्या एका जोडीचे पिल्लू प्रथमच घरट्यातून उडाले. मारायला एक गोळी पुरली; परत आणायला दोन देश आणि दहा वर्षे लागली.

तिसरी हकिकत आपल्या कोकणची, आणि ती मला सर्वांत प्रिय आहे. चिपळूणची सह्याद्री निसर्गमित्र ही संस्था १९९२ साली स्थापन झाली. तिचे कार्यकर्ते कोकणच्या किनाऱ्यावर समुद्रगरुडाच्या घरट्यांची पाहणी करत गावोगाव फिरत असत. २००२ साली असेच फिरताना रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. तपास करता, ऑलिव्ह रिडले जातीची कासवे तिथे अंडी घालायला येतात आणि ती अंडी खाण्याविकण्यासाठी नेली जातात, हे उघड झाले. गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरट्यांची राखण सुरू झाली. पुढे वेळासचा कासव महोत्सव पाहायला मुंबईपुण्याचे लोक मुलाबाळांसह लोटले. डोके वर करून गरुड शोधणाऱ्या माणसांना पायाखालचे कासव सापडले, एवढाच तो इतिहास. कोणत्या प्रश्नाचे उत्तर कोठे मिळेल, याचा नेम नसतो.

महाशिवरात्र झाली. मार्कंड्याच्या जत्रेला गेलेले लोक परतले. ३ मार्चला सकाळी नर एक मरळ घेऊन आला. मादीने मासा पायाखाली धरला, आणि मान खाली घालून अगदी लहान लहान तुकडे तोडून माच्याच्या आत कोणाला तरी देऊ लागली. दुर्बीण माझ्या हातात थरथरत होती. मुलांनी ओरडायचे नाही असे ठरले होते. त्यांनी एकमेकांचे हात घट्ट धरले. आबाजी एवढेच म्हणाले, "झालं बापा." गुढीपाडव्याच्या आधी आठ दिवस कडेवरून एक मळकट, पिसांचे केस विस्कटलेले डोके वर आले. एकच. दुसरे कधीच दिसले नाही. अंडे एकच होते की त्या पावणेदोन तासांत दुसरे गेले, हा हिशेब माझ्या खात्यावर तसाच उधार आहे.

आणि त्याच आठवड्यात तलावाच्या दुरुस्तीची बातमी आली.

ही दुरुस्ती आम्ही सर्वांनी मागितली होती. दोन पावसाळे पाळ झिरपत होती. तुडुमाजवळ, म्हणजे पाणी सोडण्याच्या मोरीजवळ, पाणी पाझरून धानाच्या ऐन भरण्याच्या वेळी तलाव रिकामा होई. अंदाजपत्रकात पाळीवरची अकरा झाडे काढण्याचे कलम होते; मुळांमुळे पाळ फुटते, असे अभियंत्यांचे म्हणणे, आणि ते खोटे नव्हते. सातव्या क्रमांकावर आमचा अर्जुन होता.

ग्रामसभा भरली. बोलायचे मी होतो, पण मला उभे राहायला लाज वाटत होती. ज्यांचे पोट त्या पाण्यावर आहे, त्यांना मी नोकरीवाल्या माणसाने पक्ष्याविषयी काय सांगायचे? शेवटी मी वही उघडली. पिल्लू एक महिन्याचे आहे. उडायला सुमारे सत्तर दिवस लागतात. म्हणजे मे महिन्याच्या मध्यापर्यंत झाड राहिले पाहिजे. काम सलंगीकडून सुरू करावे, आणि अर्जुनाकडचा तुकडा शेवटी घ्यावा. एवढेच मागणे.

त्या तुकड्याच्या अगदी खाली ज्याचे दीड एकर धान आहे तो शेतकरी उठला. त्याने मला नव्हे, सभेलाच विचारले, "आनि पानी अगोदर आलं तं? माझं धान गेलं तं भरून देसान का?"

सभा बराच वेळ गप्प होती. आमच्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात मेंढा-लेखा नावाचे गाव आहे. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत त्याचे नाव येते. तिथे मतदान करत नाहीत. सर्वांचे एकमत होईपर्यंत बसून राहतात. आमचे गाव काही इतके शहाणे नाही, पण त्या दिवशी आम्ही तसे बसलो. दिवे लागले तरी कोणी उठले नाही. मग आबाजी म्हणाले, "गेलं तं घरामागं एक पायली धान देऊ. माझी पायली पयली." एकेक करून माना हलल्या. शेतकऱ्याने डोक्याचा शेला काढून खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "राहू द्या मंग."

एप्रिलात काम सुरू झाले. मोहफुले वेचून झाली, तेंदूपानाचा हंगाम आला. वाघाचे भय पोटात ठेवून अर्धे गाव पहाटे जंगलात जाऊ लागले. मजूर कमी पडले, काम रेंगाळले. पिल्लू माच्याच्या कडेवर उभे राहून पंख फडफडवू लागले होते. एकेका दिवशी ते वाऱ्यावर हातभर उचलले जाई आणि पुन्हा खाली बसे. १२ मे, बुद्धपौर्णिमा. जंगलात त्या रात्री पाणवठ्यांवर प्राण्यांची गणना होते. आमची गणना दिवसाच झाली. सकाळी आठच्या सुमारास पिल्लाने कडा सोडली, पाण्यावर खाली खाली आले, आता बुडते असे वाटले, आणि मग वळून पलीकडच्या येनाच्या झाडावर कसेबसे जाऊन आदळले. मुलांनी सात महिने दाबून धरलेला आवाज त्या क्षणी सोडला. वहीत त्या दिवशी एकच शब्द आहे: "उडाला."

पाऊस मात्र त्या वर्षी कोणाचेच ऐकायला तयार नव्हता. २०२५ च्या मे महिन्यातच महाराष्ट्रभर अवकाळी सरी कोसळल्या. एका रात्रीच्या वादळात अर्जुनाची वरची खांदी मोडली आणि माचा खाली आला. सकाळी आम्ही गेलो तेव्हा काटक्यांचा ढीग पाळीच्या उतारावर पडला होता. वरच्या काटक्या नव्या, मधल्या काळ्या पडलेल्या, आणि तळाशी तपकिरी माती झालेला भुगा. माशांचे काटे, खवले, निळ्या नायलॉन जाळ्याचे तुकडे. इतिहासाच्या मास्तराला याहून चांगले उत्खनन कोठे मिळणार? मुले हातांनी थर उचलत होती. तळच्या भुग्यात त्या मागच्या बाकावरच्या मुलाला भोक पडलेली एक भाजक्या मातीची गोळी सापडली.

आबाजींनी ती हातात घेतली, अंगठ्याने पुसली. "हे आमच्या बाच्या जाळ्याची," ते म्हणाले. जाळे बुडावे म्हणून पूर्वी अशा गोळ्या घरी करून भाजत. पुढे शिसे आले, नायलॉन आले, आणि गोळ्या गेल्या. त्यांच्या हिशेबाने चाळीस वर्षे तरी त्या तलावात तसे जाळे पडलेले नव्हते. एखाद्या तुटक्या जाळ्यात अडकलेल्या माशाबरोबर ती गोळी वर गेली असावी. एका गोळीवर इतिहास उभा राहत नाही, हे मी मुलांना तिथेच सांगितले. पण मुलाने ती मुठीत धरून माझ्याकडे पाहिले, आणि त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याला मिळाले आहे हे मला दिसले. ते मी दिलेले नव्हते.

आता राहिला हिशेबाचा दुसरा भाग. अर्जुनाकडचा तुकडा अर्धवट राहिला. ओल्या मातीत धुम्मस चालेना, दगडी अस्तर बसेना. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पूर्व विदर्भात पुराचा पाऊस झाला. तलाव फुटला नाही. पण त्या तुकड्यावरची कच्ची माती घसरली आणि खालच्या दीड एकरांपैकी अर्ध्या एकरावर गाळ पसरला. नुकतीच रोवणी झालेली रोपे त्याखाली गेली.

मी त्या शेतकऱ्याकडे गेलो. काय बोलावे ते सुचत नव्हते. तो बांधीत उभा राहून गाळ उपसत होता. म्हणाला, "यंदाचं गेलं, पुढं पाहू. झाड तं उभं हाये ना गुरुजी?" मी फावडे मागितले, त्याने दिले. त्या दिवशी आम्ही फारसे बोललो नाही.

चितमपल्ली याच जून महिन्यात गेले. रानातल्या कितीतरी गोष्टींना मराठी शब्द देणारा हा माणूस विदर्भाच्या जंगलात हिंडून लिहीत राहिला. त्यांच्या 'पक्षिकोशा'त मी जे पान पहिल्यांदा उघडले होते, तिथे आता ती मातीची गोळी ठेवण्याइतकी जागा नाही. ती शाळेच्या कपाटात, वहीशेजारी ठेवली आहे.

वाचकहो, हे लिहितो आहे तेव्हा भाद्रपद चालू आहे. अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दारात आकाशकंदील लागलेला असेल. आमच्याकडे त्या सुमारास हलके धान कापणीला येते. कापणी झाली की घरामागे एक पायली, असा सभेचा ठराव आहे. आबाजींनी आपली पायली बाजूला काढण्यासाठी टोपली आधीच सारवून ठेवली आहे. अर्जुन उभा आहे, पण त्याची वरची खांदी गेली आहे, आणि पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात त्याचा क्रमांक तसाच आहे. त्यासाठी पुन्हा सभा भरेल. कार्तिक लागला की मी मुलांना घेऊन सलंगीजवळ बसेन. झाडाखाली जाणार नाही. जोडी आली, तर पहाटे आवाज येईलच.